जेथे भूमी जन्मास येते

भूमीला आपल्या भाषेत किती तरी नावे आहेत. धरा, पृथ्वी, वसुंधरा ही तुमच्या ओळखीची आहेत. तिची आणखी दोन नावे म्हणजे अचला आणि स्थिरा. जी चळत नाही ती अचला. जी एके ठिकाणी राहते ती स्थिरा. जमीन हलणार नाही या भरवशावरच आपण तिच्या पोटात घराचा पाया खोदतो. गावामागचा जो डोंगर आज आपण पाहतो, तोच आपल्या पणजोबांनीही पाहिला होता, याविषयी आपल्या मनात शंका नसते.

परंतु मुलांनो, या जगात असाही एक मुलूख आहे, की जेथील काही जमीन वयाने लहान मुलांएवढीच आहे. २०१८ सालाच्या आरंभी तेथे समुद्राच्या लाटा उसळत होत्या. त्याच सालाच्या अखेरीस तेथे काळाभोर खडक उभा होता. हा मुलूख म्हणजे प्रशांत महासागरातील हवाई बेटे. १९५९ साली ही बेटे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक राज्य झाली. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचे नावही हवाईच. या बेटावर मौना लोआ आणि किलाउएआ असे दोन जागृत ज्वालामुखी शेजारी शेजारी आहेत. त्यांच्याभोवतीचा प्रदेश १ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. त्याचा विस्तार आज १,३०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. १९८७ साली त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

या बेटावरील शाळांच्या सहली त्या उद्यानात नेहमी जातात. किनाऱ्यावरील हिलो गावातून अशीच एक तुकडी निघाली आहे असे समजू, आणि तिच्यामागोमाग आपणही मनाने जाऊ.

सहलीचे प्रस्थान

हिलोपासून उद्यान सुमारे ४८ किलोमीटर दूर आहे. बस निघाली तेव्हा हवेत उकाडा होता. वाट एकसारखी चढणीची असल्यामुळे तासाभरात मुले समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आली. तेथे धुके उतरले होते आणि बारीक पाऊस पडत होता. सर्वांनी आणलेले गरम कपडे अंगात चढविले. पायांत जाड तळव्यांचे बूट, पाठीवर पाण्याची बाटली आणि शिदोरी, असा प्रत्येकाचा सरंजाम होता. मुलांबरोबर त्यांच्या शिक्षिका होत्या. हवाई भाषेत गुरूला ‘कुमू’ म्हणतात. म्हणून मुलेही त्यांना कुमू म्हणूनच हाक मारीत.

प्रवेशद्वारापाशी एक वयस्क उद्यानरक्षक वाट पाहत उभे होते. त्यांनी प्रथम तीन नियम सांगितले. “आखलेली वाट सोडायची नाही; कारण वरून घट्ट दिसणारा खडक आतून पोकळ असू शकतो. वाफेच्या किंवा विवराच्या कडेला कठडा ओलांडून जायचे नाही. आणि येथून पाहिलेले व ऐकलेले तेवढे घेऊन जायचे. बाकी काही न्यायचे नाही.”

मग त्यांनी मुलांना बुटांचे तळवे ब्रशाने स्वच्छ घासावयास लावले. येथे ‘ओहिया’ नावाचा वृक्ष आहे. अलीकडच्या काळात एका बुरशीच्या रोगाने त्याची लक्षावधी झाडे वाळली. ही बुरशी चिखलाबरोबर रानातून रानात जाते. म्हणून वृक्षाला भेटायला जाताना पाय पुसून जावे लागते!

विवराच्या काठावर

थोडे चालून गेल्यावर एकाएकी रान संपले आणि पायांखालची जमीनच जणू नाहीशी झाली. समोर एक अवाढव्य खळगा पसरला होता. हे किलाउएआचे महाविवर. त्याच्या पोटात ‘हालेमाउमाउ’ नावाचे आणखी एक विवर आहे. काळ्या, राखाडी खडकांच्या भिंती आणि भेगांमधून निघणारे वाफेचे पांढरे लोट हे सर्व पाहून बडबडी मुलेही गप्प झाली. वाऱ्याबरोबर गंधकाचा उग्र दर्प येत होता.

हवाई लोकांच्या श्रद्धेप्रमाणे या विवरात ‘पेले’ या अग्निदेवतेचे वास्तव्य आहे. आपण देवळात शिरण्यापूर्वी पायरीला हात लावून नमस्कार करतो. तसेच येथे येणारी स्थानिक मुले एक पारंपरिक स्तवन म्हणून आत येण्याची परवानगी मागतात. कुमूंनी खूण करताच मुलांचे स्वर एकदम उठले आणि त्या पोकळीवर दूरवर पसरत गेले.

एक मुलगी मात्र ओठ घट्ट मिटून उभी होती. कुमूंनी ते पाहिले. पण त्या काही बोलल्या नाहीत.

स्तवन संपल्यावर उद्यानरक्षकांनी सांगण्यास सुरुवात केली. “मुलांनो, २०१८ सालच्या मे महिन्यात येथून सुमारे चाळीस किलोमीटर दूर, पर्वताच्या पूर्वेकडील उतारावरच्या वस्तीत, रस्त्याला एकाएकी भेगा पडल्या. ३ मे रोजी पहिल्या भेगेतून लाव्हारस बाहेर आला. दुसऱ्याच दिवशी ६.९ प्रतीचा भूकंप झाला. पुढे एकंदर २४ भेगा उघडल्या. पर्वताच्या पोटातला शिलारस भूमीखालून तिकडे वाहून गेला. कणगीतले धान्य खालून निघून गेले की वरचा थर जसा खचतो, तसा या विवराचा तळ धक्क्यामागून धक्के खात खाली बसत गेला. काही ठिकाणी तो ५०० मीटरांहून अधिक खचला. उद्यान चार महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले.

“नंतर विवराच्या तळाशी प्रथमच पाण्याचे एक तळे साचले. परंतु २० डिसेंबर २०२० रोजी पुन्हा लाव्हारस आला आणि त्याने ते तळे उकळून आटवून टाकले. २३ डिसेंबर २०२४ रोजी आणखी एक उद्रेक सुरू झाला. त्याची तऱ्हा निराळीच होती. काही तास लाव्हारसाचे कारंजे उसळे, आणि मग काही दिवस विवर शांत राही. पुन्हा कारंजे, पुन्हा शांतता! त्यांतील काही कारंजी ३०० मीटरांहूनही उंच गेली.”

आतापर्यंत मुकाट उभी असलेली ती मुलगी पुढे आली. तिचा आवाज कापत होता. “माझ्या आजीचे घर त्या वस्तीत होते. २०१८ मध्ये ते लाव्हाखाली गेले. ज्याने आमचे घर गिळले, त्याला आम्ही नमस्कार का करायचा?”

कोणीच काही बोलले नाही. उद्यानरक्षक तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, “बाळ, तुझा प्रश्न रास्त आहे. त्या वेळी ७०० हून अधिक घरे गेली. घर जाणे म्हणजे नुसत्या भिंती जाणे नव्हे, हे मला ठाऊक आहे. पर्वताला तुझ्या आजीचा राग नव्हता, तशी तिची दयाही नव्हती. तो आपल्या नियमाने वागतो. आपण नमस्कार करतो तो त्याचे उपकार मानण्यासाठीच असे नाही. ही शक्ती आपल्याहून मोठी आहे, आपण जपून वागले पाहिजे, हे विसरू नये म्हणूनही करतो. पण तुला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. इतका मोठा उत्पात झाला, हजारो लोकांना घरे सोडावी लागली. तरी त्या लाव्हाने एकाही माणसाचा जीव घेतला नाही. असे का झाले, ठाऊक आहे? चला, सांगतो.”

जागता पहारा

१९०२ साली कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर पेले नावाच्याच एका पर्वताचा भयंकर स्फोट झाला. नाव सारखे असले, तरी हवाईच्या देवतेशी त्याचा संबंध नाही. त्या स्फोटात सेंट पिअर नावाचे शहर काही मिनिटांत बेचिराख होऊन सुमारे २८,००० माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेतील थॉमस जॅगर नावाचे भूशास्त्रज्ञ लवकरच तेथे गेले. ते भस्मीभूत शहर पाहून त्यांच्या मनाने घेतले, की स्फोट झाल्यावर धावत जाऊन काय उपयोग? ज्वालामुखीच्या उशाशी बसून रात्रंदिवस त्याची नाडी पाहिली पाहिजे. या विचाराने १९१२ साली ते किलाउएआच्या काठावर येऊन राहिले आणि तेथे त्यांनी ज्वालामुखीची वेधशाळा उभी केली. तिचे काम तेव्हापासून सुरू आहे.

वैद्य रोग्याची जशी परीक्षा करतो, तशी येथील शास्त्रज्ञ पर्वताची करतात. भूकंपमापक यंत्रे जमिनीचा बारीकसा कंपही टिपतात. शिलारस पोटात भरू लागला की पर्वत किंचित फुगतो आणि रस निघून गेला की ओसरतो. ही फूग कलमापक यंत्रांनी आणि उपग्रहांच्या साहाय्याने मोजतात. भेगांतून बाहेर येणाऱ्या वायूंचे प्रमाण पाहतात. २०१८ साली भूकंपांचे केंद्र दिवसेंदिवस पूर्वेकडे सरकत असल्याचे याच यंत्रांनी दाखविले. म्हणून लोकांना आधी सूचना देता आली आणि त्यांना वस्तीतून हलविता आले. विवराच्या काठावरील वेधशाळेची इमारत मात्र त्या धक्क्यांनी इतकी तडकली, की ती सोडून द्यावी लागली. इमारत सोडली, पण काम सोडले नाही.

“पर्वताला आपण थांबवू शकत नाही,” उद्यानरक्षक म्हणाले, “पण तो काय म्हणतो ते ऐकू शकतो.”

थिजलेल्या तळ्यावरून

यानंतर मुले ‘किलाउएआ इकी’ या लहान विवरात उतरली. वाट नेच्यांच्या आणि ओहियाच्या दाट रानातून सुमारे १२० मीटर खाली जाते. तळाशी पोहोचताच हिरवा रंग संपला आणि समोर काळे, सपाट मैदान पसरले. “तुम्ही एका तळ्यावर उभे आहात,” असे उद्यानरक्षकांनी सांगताच मुले दचकून पायांखाली पाहू लागली.

ते खरोखरच तळे होते, पण लाव्हारसाचे! १९५९ सालच्या नोव्हेंबरात येथे उद्रेक सुरू झाला आणि सुमारे पाच आठवडे तो थांबून थांबून चालू राहिला. एका वेळी तर लाव्हारसाचे कारंजे ५८० मीटर उंच उसळले. दिल्लीचे कुतुबमिनार एकावर एक असे जवळजवळ आठ रचले तर जेवढी उंची होईल, तेवढी ही झाली! पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. हा रस सुमारे १,१५० अंश तापलेला असतो. तो या विवरात साठला. वरचा थर लवकर थिजला. आतला रस पुरता थिजावयास मात्र कित्येक दशके लागली. अजूनही पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, गरम खडकाला लागते आणि वाफ होऊन वर येते. एका मुलाने वाफेवर दुरून हात धरला. “आईच्या भाताच्या भांड्यासारखी आहे!” तो म्हणाला, आणि सगळे हसले.

तेथे मुलांनी थिजलेल्या लाव्हाची दोन रूपे ओळखण्यास शिकून घेतले. तापल्या दुधावरची साय फुंकर घातली की जशी सुरकुतते, तसा एक खडक गुळगुळीत आणि दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा दिसतो. त्याला ‘पाहोएहोए’ म्हणतात. दुसरा खडबडीत, काटेरी आणि पाय ठेवताच टोचणारा. त्याचे नाव ‘आआ’. अनवाणी चालणाऱ्याच्या तोंडून हाच उद्गार निघेल, असे मुले गमतीने म्हणाली. हे दोन्ही शब्द मूळचे हवाई भाषेतले. पण आज साऱ्या जगाचे भूशास्त्रज्ञ तेच वापरतात. आपल्या अंगणाकडे जो नीट लक्ष देतो, त्याच्या भाषेतून जगही शब्द उसने घेते.

त्या काळ्या मैदानाच्या एका भेगेत ओहियाचे एक रोप वाढले होते आणि त्यावर लाल तुऱ्यासारखे फूल डुलत होते. नव्या लाव्हावर मूळ धरणाऱ्या पहिल्या झाडांमध्ये ओहियाची गणना होते. विषारी वायूचा झोत आला की हे झाड आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटून घेते. जणू ते श्वासच रोखून धरते! वारा पालटला की छिद्रे पुन्हा उघडतात.

याच वेळी एका मुलाने चकाकणारा एक लहानसा दगड हळूच खिशात टाकला. उद्यानरक्षकांच्या नजरेतून ते सुटले नाही. पण ते रागावले नाहीत. ते सर्वांना उद्देशून म्हणाले, “येथून नेलेले दगड लोक पुष्कळदा टपालाने परत पाठवितात. कोणाला वाटते, दगड नेल्यामुळे पेलेचा कोप झाला. कोणाला नुसताच पश्चात्ताप होतो. माझे म्हणणे सरळ आहे. बहुतेक वर्षी येथे दहा लाखांहून अधिक माणसे येतात. प्रत्येकाने एकच दगड नेला, तर तुमच्या नातवंडांनी येऊन काय पाहावे?” मुलाने मान खाली घातली, दगड जेथून उचलला होता तेथेच नेऊन ठेवला आणि तो धावत येऊन रांगेत सामील झाला.

खडकातील बोगदा आणि हंस

जवळच एक लांबट गुहा आहे. तिला ‘नाहुकू’ म्हणतात. ही गुहा माणसाने खोदलेली नाही. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी येथून लाव्हारसाची नदी वाहत होती. गुऱ्हाळातल्या गरम काकवीवर जशी वरून साय धरते आणि आतून ती पातळच राहते, तसे या नदीचे झाले. वरचा भाग थिजून छप्पर बनले. आतला रस वाहून गेला आणि मागे हा पोकळ बोगदा उरला. छतावरून पाणी ठिबकत होते आणि वरच्या झाडांची मुळे खडक फोडून आत लोंबत होती.

बाहेर आल्यावर मुलांना गवतात दोन करड्या रंगाचे हंस दिसले. हे ‘नेने’ पक्षी. ते हवाई बेटांखेरीज जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. शिकार आणि बाहेरून आणलेले मुंगूस, मांजरे यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास रानात अवघे तीसच्या आसपास नेने उरले होते. मग लोक जागे झाले. हे पक्षी जपून वाढविण्यात आले आणि पुन्हा रानात सोडण्यात आले. आज त्यांची संख्या तीन हजारांवर गेली आहे. एका मुलाने शिदोरीतील पावाचा तुकडा पुढे करताच कुमूंनी त्याचा हात धरला. “खायला घातले तर ते रस्त्यावर येऊ लागतील आणि गाड्यांखाली सापडतील. आपल्याला येणारी माया त्यांना घातक होऊ नये.”

रस्ता संपतो तेथे

दुपारी बस समुद्राकडे निघाली. हा रस्ता विवरांच्या माळेजवळून सुमारे तीस किलोमीटर उतरत जातो. दोन्ही बाजूंना लाव्हाचे काळे प्रवाह जसेच्या तसे थिजलेले दिसतात. १९८३ सालच्या जानेवारीत पर्वताच्या कुशीवरील एका नव्या मुखातून जो उद्रेक सुरू झाला, तो २०१८ सालच्या एप्रिलपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, जवळजवळ अखंड चालला होता. त्याने गावे झाकली, रस्ते पुरले आणि समुद्रात शिरून नवी जमीनही घडविली.

वाटेत ‘पुउलोआ’ नावाचे ठिकाण लागले. येथील सपाट खडकांवर पूर्वीच्या लोकांनी कोरलेल्या २३,००० हून अधिक आकृती आहेत. वर्तुळे आहेत, माणसे आहेत आणि असंख्य लहान खळगे आहेत. मुलांनी विचारले, “हे खळगे कशासाठी?” कुमू म्हणाल्या, “घरात मूल जन्मले की त्याची नाळ आणून अशा खळग्यात ठेवीत आणि बाळाला दीर्घायुष्य मागत.”

ज्या भूमीत आपली नाळ पुरली, ती भूमी आपली, असे आपणही म्हणतोच ना? हजारो कोस दूर, समुद्रापलीकडच्या लोकांनीही आपल्या बाळांचे नाते काळ्या खडकाशी असेच जोडले होते.

ती मुलगी त्या खळग्यांकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग ती कुमूंजवळ येऊन हळूच म्हणाली, “लाव्हा जवळ आला, तेव्हा आजीने दारात फुले ठेवली होती. मला तेव्हा तिचा राग आला होता. आजी म्हणते, घर गेले, पण जागा आमचीच आहे. वरती काळा खडक आला एवढेच. मागच्या महिन्यात आम्ही पाहायला गेलो होतो. तेथे भेगेत नेचे उगवले आहे.”

कुमूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघीही काही वेळ तेथेच उभ्या राहिल्या.

पुढे समुद्रकाठी रस्ता एकदम संपला. त्याच्यावरून लाव्हा गेला होता. कड्याखाली लाटा आदळत होत्या आणि त्यांनी पोखरलेली खडकाची एक प्रचंड कमान पाण्यात उभी होती. एकीकडे अग्नी भूमी घडवीत होता. दुसरीकडे पाणी ती झिजवीत होते.

उद्यानरक्षकांनी तेथे शेवटची गोष्ट सांगितली. “एका जागी स्थिर असलेल्या मेणबत्तीच्या ज्योतीवरून कागद हळूहळू सरकवीत नेला, तर त्यावर करपल्याच्या डागांची ओळ उमटेल. आपली बेटे अशीच जन्मली. खोल भूगर्भात उष्णतेचे एक ठिकाण आहे. त्याच्यावरून समुद्राचा तळ दरवर्षी काही सेंटिमीटर वायव्येकडे सरकतो. म्हणून वायव्येकडील काउआई बेट सुमारे पन्नास लाख वर्षांचे, तर आपले बेट सर्वांत लहान. पण याचेही एक धाकटे भावंड आहे! येथून जवळच समुद्राखाली, पृष्ठभागापासून सुमारे एक किलोमीटर खोल, एक ज्वालामुखी हळूहळू वाढत आहे. पुढे कधी तरी, आपण कोणी नसू तेव्हा, तो पाण्याबाहेर डोके काढील.”

निघताना मुलांनी पुन्हा स्तवन म्हटले. या वेळी त्यात एक आवाज अधिक होता.

आपल्या पायांखालचा खडक

मुलांनो, ही सहल दूरदेशची खरी. पण तिचा धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी आपल्या भूमीलाही अशाच भेगा पडल्या होत्या. त्यांतून लाव्हारसाचे पूरच्या पूर लोटले आणि थरावर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. हवाईचा काळा खडक आणि आपला काळा फत्तर एकाच जातीचे. दोघांचेही नाव बेसॉल्ट. भारताची भूमी तेव्हा ज्या उष्ण ठिकाणावरून सरकत होती, ते आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. तेथील ज्वालामुखी आजही जागृत आहे.

या थिजलेल्या अग्नीनेच आपल्याला पुढे सर्व काही दिले. त्याच्यातून अजिंठ्याची लेणी आणि वेरूळचे कैलास कोरले गेले. त्याच्या शिखरांवर आपले गड उभे राहिले. तो झिजून त्याची काळी कसदार माती झाली. आपल्या ताटातली ज्वारीची भाकरी त्याच मातीतून येते. जे एकेकाळी जाळीत आले, तेच पुढे पोसू लागले. मात्र त्याला लागलेला काळ कोट्यवधी वर्षांचा आहे. मनुष्याचे आयुष्य तेवढे नाही. म्हणून ज्याचे घर आज गेले त्याला धीर देणे, उद्याचे संकट वेळीच ओळखणे आणि मिळालेली भूमी जपणे ही मनुष्याची कामे आहेत.

पुढच्या सहलीत गडाच्या वाटेवर एखादा काळा कातळ दिसला, तर क्षणभर थांबून त्यावर हात ठेवा. तो आता थंड आहे.

शब्दार्थ

अचला – न हलणारी, पृथ्वी. सरंजाम – सामग्री, जय्यत तयारी. विवर – खोल खळगा, बीळ. शिलारस – भूगर्भातील वितळलेला खडक. लाव्हारस – भूपृष्ठावर आलेला शिलारस. दर्प – उग्र वास. उत्पात – मोठे अरिष्ट. बेचिराख – पूर्णपणे उद्ध्वस्त. नेचे – बिनफुलांची एक वनस्पती. फत्तर – दगड.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे तीन-चार वाक्यांत लिहा.
(अ) उद्यानरक्षकांनी कोणते तीन नियम सांगितले?
(आ) थॉमस जॅगर यांना वेधशाळा उभारावी असे का वाटले?
(इ) पाहोएहोए आणि आआ यांत फरक काय?
(ई) नेने पक्ष्यांना खायला घालू नये, असे कुमू का म्हणाल्या?

२. कारणे द्या.
(अ) २०१८ साली विवराचा तळ खचला.
(आ) घरे गेली, पण लाव्हाने कोणाचा जीव घेतला नाही.
(इ) काउआई बेट हवाई बेटाहून वयाने मोठे आहे.

३. ‘ज्याने आमचे घर गिळले, त्याला आम्ही नमस्कार का करायचा?’ उद्यानरक्षकांनी या प्रश्नाचे काय उत्तर दिले? ते तुम्हांला पटते काय? तुमचे मत कारणांसह लिहा.

४. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : शिलारस, ज्वालामुखी, भूकंप, रात्रंदिवस.

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : नाडी पाहणे, मनाने घेणे, मूळ धरणे, मान खाली घालणे.

६. उपक्रम : तुमच्या गावाजवळील टेकडी, विहीर किंवा दगडाची खाण शिक्षकांबरोबर जाऊन पाहा. खडकाचे थर, रंग आणि माती यांचे निरीक्षण करून वर्णन लिहा. तेथील काही उचलून आणू नका.